साहेब कोर्टात आहेत

हे वाक्य मी किती वेळा बोललो
याची नोंद डायरीत नाही.
बाकी सगळी आहे.

मेहेर सिग्नलजवळ, जिन्याखालची दुसरी खोली.
ॲड. रत्नाकर वडनेरे, पितळी पाटी.
दर सोमवारी चिंचेनं मीच घासायचो ती.

वत्सलाबाई गांगुर्डे अंबडहून सिटी बसने यायची.
नवरा प्रेस मशीनखाली गेलेला.
कंपनी म्हणत होती, तो आमचा नव्हताच, ठेकेदाराचा.
तिने पिशवीतून त्याचा गेटपास काढून दाखवला:
फोटोत केस ओले, भांग ताजा.
साहेब म्हणाले, केस भक्कम आहे.
बारा हजार आधी, मग पाच, मग आणखी पाच.
पावती नंतर देऊ, कारकुनाकडे लिहून ठेवा.
मी लिहून ठेवलं.
वकीलपत्रावर तिने सही केली,
शेवटचं अक्षर कागदाबाहेर टेबलावर गेलं.
ते अजून तिथे आहे.

मग गंगापूर रोडचा एक बिल्डर साहेबांना सापडला,
किंवा साहेब त्याला.
अंबडच्या फाइलवर सातपूरची फाइल आली,
सातपूरच्या फाइलवर पंखा.

फोन वाजायचा.
साहेब समोरच, संत्रं सोलत,
बोटाने नाही-नाही करत.
मी म्हणायचो, साहेब कोर्टात आहेत.
कोर्ट रस्त्याच्या पलीकडे.
ती कधी कधी तिथूनच बोलत असायची,
मागे पुकारा ऐकू यायचा.

रोजनाम्यात एकच ओळ आहे:
अर्जदार व वकील गैरहजर. अर्ज काढून टाकला.
ती हजर होती त्या दिवशी.
वरच्या मजल्यावर, चुकीच्या दारासमोर,
डबा मांडीवर घेऊन, पाच वाजेपर्यंत.
ते दार मी सांगितलं होतं.
मुद्दाम नाही.
बोर्ड बघायचा कंटाळा आला होता, इतकंच.

अकरा महिन्यांनी तिला कळलं,
गेटजवळच्या टायपिस्टने नक्कल वाचून दाखवली तेव्हा.
तक्रार त्यानेच टाइप केली.
पैसे फक्त कागदाचे घेतले.

शिस्तपालन समितीने मला मुंबईला बोलावलं.
मी डायरी टेबलावर ठेवली.
तिघांतल्या एकाने चष्मा पुसत विचारलं,
अक्षर तुमचं?
हो.
या बाईंचा फोन यायचा तेव्हा वकीलसाहेब कुठे असायचे?
मी सवयीने म्हणालो, कोर्टात.
कुणी हसलं नाही.
मग म्हणालो,
समोर.

सनद दोन वर्षं निलंबित.
बावीस हजार परत, वर खर्च.
पाटी उतरवताना एक स्क्रू निघेना,
कोपरा वाकला.
माझ्याकडे सनद नव्हती,
त्यामुळे काढून घेण्यासारखं काही निघालं नाही.

दावा मात्र काढून टाकलेलाच आहे.
नव्या वकीलबाई म्हणतात,
उशीर माफीचा अर्ज टाकू, बघू.

डिसेंबरात मी अंबडला गेलो.
दर खेपेला चहापाण्याचे पन्नास घेतले होते मी.
सत्तावीस खेपा. डायरीप्रमाणे तेराशे पन्नास.
पाकिटात घालून नेले.
थंडीत ओट्यावर बसून तिने मोजले,
अंगठ्याला थुंकी लावून, दोनदा.

चाळीस कमी आहेत, म्हणाली.
संक्रांतीच्या आदल्या दिवशी झेरॉक्सवाला बंद होता,
तुम्ही रिक्षाने शालिमारला गेलात.
जाता-येता चाळीस.

मी डायरी उघडली.
ते पान आहे. रिक्षा नाही.
खिसे चाचपले, सुटे तीस निघाले.

दहा राहिले, ती म्हणाली,
आणि आत वळून पोरीला हाक मारली,
पेन आण गं.